पुकारा झाला, बाई उठली नाही

"साहेब, माह्या केसची तारीख कवा हाये जी?"

धान कापून झाल्यावर एक विधवा बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. मी तेव्हा गोंदियाच्या मुन्सफ कोर्टात रीडर होतो. रीडर म्हणजे न्यायाधीशाच्या पुढ्यात बसून फायली सरकवणारा माणूस. लोक आम्हालाही साहेबच म्हणत. मी फाईल काढली. केस पावसाळ्याआधीच डिसमिस झालेली. कारण, वादी गैरहजर.

"तू तारखेला आली काऊन नाहीस?"

"आली होती ना जी. दिवसभर मोहाच्या झाडाखाली बसून होती. पुकाराच नाई झाला."

पुकारा झाला होता. चपराशी दारात उभा राहून तीनदा ओरडला होता, "बिरजाबाई हाजिर है?" मी स्वतः ऐकलं होतं.

"बिरजाबाई तूच ना?"

"हाव. पर ते नाव कागदाले सांगतलं होतं. मले कोनी त्या नावानं बलावत नाई. मले वाटलं, दुसरी कोनी बाई असन."

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे सून आली की माहेरच्या गावावरून तिचं नाव पडतं. ही दवनीवाड्याची, म्हणून साऱ्या गावाची दवनीवाडावाली. वकील करायची ऐपत नव्हती. दावा लिहिणारा म्हणाला, खरं नाव सांग, तिनं सांगितलं. साक्षीला आणलेल्या म्हाताऱ्या शेजाऱ्यालाही ते नाव कोणाचं ते ठाऊक नव्हतं. कोर्ट उठल्यावर फाटकावर कोणीतरी म्हणालं, तारीख पडली असेल, कळवतील. बाई वाट पाहत राहिली. डिसमिस झालेल्या केसची तारीख कोण कळवणार?

दावा बांधीचा होता, म्हणजे धानाच्या शेताचा. नवरा वाटणी होऊन वेगळा झालेला. तो मेल्यावर भासऱ्यानं, म्हणजे मोठ्या दिरानं, ती बांधी दाबली. बाईचं पोट त्या बांधीवरच होतं.

अशी केस पुन्हा उभी करता येते. त्याला रेस्टोरेशन म्हणतात. पण तेव्हाच्या कायद्यानं अर्ज महिन्याच्या आत द्यावा लागे. ती मियाद, म्हणजे मुदत, कधीच उलटली होती. तरी मी तिला अर्ज करायला लावला. न्यायाधीश साहेब भला माणूस. त्यांनी भासऱ्याला बोलावून सरळ विचारलं, "या बाईला घरी काय म्हणता?"

"दवनीवाडावाली."

"त्या तारखेला ती बाहेर बसलेली दिसली होती?"

त्याचा वकील हरकत घ्यायला उठेपर्यंत हा बोलून मोकळा झाला. "दिसली होती जी. पर मले कोनी इचारलंच नाई."

असा संताप आला मला! वकील मात्र शांत होता. "हुजूर, सब सच है. लेकिन मियाद निकल गई."

साहेबांनी चेंबरमध्ये पुस्तकांचा ढीग मांडला. म्हणाले, "अपिलाला उशीर झाला तर माफ करता येतो. या अर्जाला तशी सोयच नाही. आणि त्याच कारणावर नवा दावाही लावता येत नाही."

"साहेब, पण बाई खरं बोलून राहिली."

"मला काय दिसत नाही का? एकीसाठी मियाद वाकवली, तर उद्या तोच भासरा वर्षानं येऊन हेच मागेल. त्याला कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

अर्ज नामंजूर झाला. हुकूम मीच तिला समजावून सांगितला.

"म्हंजे मी आली होती, हे साहेबाले पटलं?"

"पटलं."

"मंग?"

मी फाईल बांधत राहिलो. फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

पुढे साहेबांनी दावे लिहिणाऱ्यांना ताकीद दिली, बाईच्या नावापुढे उर्फ म्हणून गावातलं नावही लिहा. नियम चांगला होता, पुष्कळ बायांच्या कामी आला. नियम असेच होतात. कोणाचं तरी बुडाल्यावर. पुढच्या रोवण्यात, धानाची रोपं म्हणजे परे लावायच्या दिवसांत, हिची खबर त्या म्हाताऱ्या शेजाऱ्याकडून कळली. त्याच बांधीत, भासऱ्याच्या मजुरीवर, ती परे लावत होती.