अडकलेली काच

आमच्या जुन्या गाडीची काच बंदच अडकली. मेकॅनिकने दाराला कान लावला. "आजी, बटण दाबा. मोटर फिरतेय, रबर सुकलंय. तेच काचेला धरून बसलंय." मी बटण आणखी दाबलं. "जोर नको हो, आजी!"

तरुणपणी याच गाडीत मी रुसले की काच वर करायची आणि महाराणीसारखी समोर बघत बसायची. बाहेर हे रसाचे दोन ग्लास घेऊन उन्हात उभे. काय तो माझा तोरा! नंतर दोन्ही ग्लास मीच संपवायची.

मेकॅनिकने रबर पुसून स्प्रे मारला, तळव्यांनी काच हळूच खाली ओढली.

सकाळच्या भांडणापासून हे गॅरेजबाहेरच्या बाकावर पाठ फिरवून बसले होते. मोकळ्या खिडकीतून मी हाक मारली, "अहो, आत येऊन बसा. आज रस मी आणते. एक ग्लास नक्की तुमचा, दुसऱ्याचं बघू."