स्टंपामागची झडती

टीव्हीवर क्रिकेट लागलं की मी बसतो, पण खेळासाठी कमी आणि भांडणासाठी जास्त. गोलंदाज बॉल टाकतो, मग चार पावलं पुढे येऊन डोळे वटारतो आणि फलंदाजाला काहीतरी बोलतो. आवाज येत नाही, पण ओठांवरून कळतं की विषय आईचा आहे का बहिणीचा. फलंदाजही तेच ओठ हलवून परत पाठवतो. अंपायर मध्ये शिरतो, जसा सासू-सुनेच्या भांडणात सासरा शिरतो, म्हणजे काही उपयोग नसताना. दुसऱ्या दिवशी बातमी येते, दोघांच्या मानधनातून पैसे कापले. आणि टीव्हीवरचा कोटवाला सांगतो, याला अ‍ॅग्रेशन म्हणतात, हे मोठ्या खेळाडूचं लक्षण आहे.

हे लक्षण आमच्या घाटंजीला दर बाजाराच्या संध्याकाळी देशी दारूच्या दुकानासमोर दिसते. तिथे कोणी त्याचे पैसे देत नाही, एवढाच फरक.

मी चौथीत शाळा सोडली. शाळेनंही मला अडवलं नाही. पण एवढं सांगतो, की लाखो रुपये घेऊन, बॅटिंगचा एक मास्तर आणि बॉलिंगचा दुसरा ठेवून, ज्याला शेवटी बाजारातलीच शिवी द्यायची आहे त्याला एखादा शिवीचाही मास्तर ठेवायला काय झालं? मला विचारलं असतं तर मी गेलो असतो.

कारण समोरच्याला डिवचायचं कसं, हे आमच्या गावात माझ्याइतकं कोणाला येत नाही. पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली उभे राहतात आणि झडत्या सुरू होतात. एका बाजूचा गडी यमक जुळवून दुसऱ्याला हाणतो, दुसऱ्याने यमकातच परत द्यायचं. समोरच्याचा कंजूषपणा काढा, त्याची फुशारकी काढा, जावयाने नेलेला रेडिओ काढा, सगळं चालते. आई-बहीण चालत नाही. बैलाबद्दल वाईट चालत नाही. आणि सगळ्यात मोठा कायदा, समोरच्याचं उत्तर येईस्तोवर तोरण तोडायचं नाही, बैल सोडायचे नाहीत. मग त्याला घसा खाकरत कितीही वेळ लागो. बैल उभे, गाव उभं, सगळे थांबतात. त्या तोरणाखाली माझ्यासमोर उभं राहायच्या आधी अजूनही लोक पाणी पितात.

आता माझ्या नातीचं सांगतो. ती कीपर आहे. यवतमाळला खोली करून राहते आणि पोरींना मानधन देणाऱ्या एका टीममध्ये खेळते. म्हणजे तोवर अर्धवट खेळत होती. टीमला कीपर दोन आणि जागा एक. हंगामाचा करार ज्या पोरीला मिळेल ती राहणार, दुसरी घरी. हात दोघींचे सारखे चांगले. पण कोचसाहेबांचं म्हणणं असं की आमची पोर स्टंपामागे पुतळ्यासारखी उभी राहते, बोलत नाही, अ‍ॅग्रेशन नाही. दुसरी पोर कशी, बॉल सुटायच्या आत तीन शिव्या सोडते.

एका रविवारी ती घरी आली, ताटावर बसली आणि भाकरीचे तुकडे करत राहिली.

"काहून वं, जेवत काहून नाई?"

"आबाजी, मले शिव्या देता येत नाई."

माझ्या बुढीनं हातातला पेला खाली ठेवला. "मंग काय बिघडलं? देऊ नको."

"करार जाईन आजी. परवा म्या पाह्यली देऊन. कोच हासले."

"काय देल्ली?" मी विचारलं.

पोर लाजली. "समोरची मोठी होती वयानं. म्या म्हटलं, तुमी बावळट हायेत."

तुमी! शिवीलाही तुमी! संस्कार म्हणतात ते हेच, वेळेवर बरोबर दगा देतात. मी म्हटलं, "शिव्या सोड. शिवी कोणालेही येते, बाजारात फुकट भेटते. तुले झडती शिकवतो."

"पोरीले बिघडवा आता," बुढी म्हणाली. "पोळ्यात लोकायचे तोंडं रंगवता ते पुरत नाई काय?"

मी ऐकलं नाही. मी आजवर ऐकलं असतं तर सुखी झालो असतो, पण तो विषय वेगळा. अंगणात प्लास्टिकची खुर्ची उलटी ठेवली, ते झाले स्टंप. पोर मागे उकिडवी बसली. मी कायदे सांगितले. एका दमात म्हणायची. आवाज पोटातून. आई-बहीण नाही. आणि म्हणून झाली की गप राहायचं, उत्तर ऐकायचं. जो उत्तर ऐकत नाही तो भेकड.

दोन दिवसांत पोर अशी तयार झाली की बुढीनं चहात साखर कमी टाकली तर तिच्यावरही झडती झाली. बुढी हसली, पण साखर वाढली नाही.

ज्या सामन्यावर करार ठरणार होता तो यवतमाळलाच होता. मी धुतलेलं धोतर नेसून एसटीनं गेलो. कामाचा दिवस, मैदानावर माणसांपेक्षा खुर्च्या जास्त. मी बरोबर कीपरच्या मागच्या बाजूला, दोरीला लागून बसलो. रिकाम्या मैदानात आवाज चांगला येतो. शेजारी एक माणूस मोबाईल पाहत क्रिकेट पाहत होता, म्हणजे दोन्ही पाहत नव्हता.

फलंदाज आली ती हिंगणघाटकडची पोर. नवीन हेल्मेट, नवीन बॅट, पण धाव काही निघत नव्हती. फिरकी सुरू झाली तशी माझी नात स्टंपाजवळ आली. आणि मग असा आवाज आला की शेजाऱ्याच्या हातून मोबाईल पडला.

"हेल्मेट घातलं चकचकीत, बॅट घेतली भारी,
अर्धा तास झाला बाई, धाव नाई दारी!"

स्लिपमधली पोर हसत पोट धरून बसली. अंपायर पुढे आले, थोडा वेळ उभे राहिले, परत गेले. त्यांच्या पुस्तकात शिवीला दंड आहे, यमकाला नाही. मला वाटलं, झालं, करार खिशात.

मग माझ्या नातीनं शिकवल्याप्रमाणे केलं. ती गप राहिली आणि उत्तरासाठी फलंदाजाच्या तोंडाकडे पाहू लागली. तेवढ्यात बॉलरनं बॉल टाकला. फलंदाज पुढे आली, चुकली. आयती सापडली होती. पण कीपरचं लक्ष बॉलवर होतं कुठे? बॉल दोन पायांमधून माझ्यापर्यंत आला, दोरीला लागला. चार धावा. पलीकडे कोचनं टोपी काढून जमिनीवर आपटली. बाकावरची दुसरी कीपर उठली आणि हातमोजे चढवू लागली.

"गेली पोर," शेजारी म्हणाला.

"पोर कायची गेली?" मी म्हटलं. "उत्तर बाकी असताना त्या बॉलरनं बॉल टाकलाच काहून?"

त्यानं माझ्या धोतराकडे पाहिलं. "बाबाजी, हे क्रिकेट हाय."

"मंग क्रिकेटले शिकवा."

असं म्हटलं खरं, पण ते हातमोजे चढताना पाहून मी मनातल्या मनात बैलाला नारळ बोललो होतो. हे कबूल करायला मला कोणी लावलेलं नाही, आपखुशीनं लिहितो.

बॉल परत बॉलरकडे गेला. आता गंमत अशी की हिंगणघाटालाही पोळा भरतो. त्या पोरीच्या कानात झडती शिरली होती आणि उत्तर दिल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. तिनं बॅट टेकवली, मान वळवली आणि सुरू केली,

"तोंड चाले भारी तुहं, हात गेले झोपी..."

वा! माझ्याही तोंडून गेलं. पण दुसरी ओळ तिला सापडेना. ओठ हलत होते. बॉल आला तेव्हाही हलत होते. यमक शोधता शोधता ती क्रीजच्या बाहेर गेली, बॉल चुकला, आणि माझ्या नातीनं एका झटक्यात बेल्स उडवल्या.

सगळ्या पोरी धावत तिच्या गळ्यात पडल्या. बाकावरची दुसरी कीपर हळूच बसली. कोचनं टोपी झटकून डोक्यावर ठेवली, जसं काही ती वाऱ्यानं पडली होती.

मी एकटा टाळ्या वाजवत नव्हतो. उत्तर अर्धं असताना तोरण तोडलं! मी शिकवलेल्या पोरीनं!

सामना संपल्यावर कोच तिच्याजवळ आले. "करार तुझा. हेच अ‍ॅग्रेशन पाहिजे होतं मला."

"साहेब," मी म्हटलं, "ते अ‍ॅग्रेशन नोहे. ते बेइमानी होय."

ते हसले. मोठ्या माणसांना खरं बोललं की विनोद वाटतो. नात मात्र हसली नाही.

"आबाजी, थांबली असती तर आज बोरिया-बिस्तर घेऊन तुमच्याच एसटीत बसली असती."

"बसली असती तर बसली असती. मान राह्यला असता."

"मान तुमचा. जागा माही गेली असती."

यावर मी पाणी प्यालो. तहान लागली होती.

तेवढ्यात ती हिंगणघाटची पोर पॅड काढून आली. सरळ माझ्यासमोर उभी राहिली. "आबाजी, तुमीच शिकवलं नं इले? मंग उत्तर पूर्ण आयका.

तोंड चाले भारी तुहं, हात गेले झोपी,
बॉल गेला पायातून, कोचनं फेकली टोपी!"

कोचसाहेबांना अचानक दुसरीकडे काम निघालं. माझी नात त्या पोरीच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. मी दोन्ही ओळी मनात पुन्हा म्हणून पाहिल्या. खोट सापडली नाही. तिला तसं सांगितलं, कारण चांगल्या झडतीला चांगली न म्हणणं हा आणखी वाईट गुन्हा. नातीशी मात्र बोललो नाही. एसटी आली, बसलो, आलो.

काल तिचा फोन आला. मी घेतला नाही, बुढीनं घेऊन माझ्या कानाला लावला.

"आबाजी, नवी झडती सांगा. समोर मुंबईच्या पोरी हायेत."

"तुह्यासारख्या बेइमान पोरीले झडती नाई सांगत मी."

"बरं. मंग शिव्या देतो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "त्यायच्याकडे पोळा भरते काय?"

"नाई. झडती काय असते तेही मालूम नसन."

"म्हणजे उत्तर येणारच नाई?"

"कुठून येईन?"

ज्यांच्या गावात तोरणच बांधत नाहीत त्यांच्यासाठी थांबायचं बंधन नाही, हा कायदा मी फोनवरच केला. नवीन कायदे करायचा मान आमच्या गावात माझ्याकडेच आहे. मग तिला दोन ओळी सांगितल्या. इथे लिहीत नाही. सामना व्हायचा आहे.