लाल दिवा आणि भज्यांचं तेल

मोटारीच्या इंजिनात मी भज्यांचं उरलेलं तेल घातलं होतं. एकदाच घातलं असतं तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं. मी दर शनिवारी पळीभर, असे पाच शनिवार घातलं. नातवंडं आता हसतात. हसू देत. तेव्हा मी स्वतःवर भलती खूश होते, आणि स्वतःवर खूश असलेल्या बाईला ब्रह्मदेवही अडवू शकत नाही.

साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. अकोल्याची मुलगी मी, लग्न होऊन अमरावतीला आले त्याला वर्षही झालं नव्हतं. माझे सासरे, मामंजी, वकील. अकोल्याच्या कोर्टातही त्यांची कामं असत, म्हणून त्यांनी एक वापरलेली मोटार घेतली. ती चालवायला आमचे जुने गाडीवान, काका. काकांनी वीस वर्षं आमच्या घरची बैलांची दमणी हाकली होती. बैल विकले गेले आणि काका पन्नाशीत मोटार शिकले. चढ आला की स्टिअरिंगवर थाप मारून अजून म्हणायचे, "चाल माय, चाल."

मोटार सकाळी सुरू होताना किंचाळायची. समोरच्या बाई ओट्यावरून ओरडायच्या, "निघाली का वो वकिलाची टिटवी?" मला ते फार लागायचं. त्यात मी माहेराहून शिवणयंत्र आणलेलं, शिवणाच्या वर्गाची परीक्षाही पास. त्यामुळे जगातली यच्चयावत यंत्रं आपल्या नात्यातली, असा माझा समज. पाळण्याची कडी कुरकुरली, तेल घाल. दाराची बिजागरी कुरकुरली, तेल घाल. मोटार काय आकाशातून पडली?

काका रोज सकाळी बॉनेट उघडून पाणी भरत. शनिवारी मात्र पाणी भरलं की बॉनेट उघडंच ठेवून कोपऱ्यावरच्या मारुतीला तेल घालायला जात. दसऱ्याला मोटारीची पूजा करताना मी बघून ठेवलं होतं, किंचाळी पुढच्या रबरी पट्ट्यातून येते. मग काका मारुतीकडे गेले की मी पळी घेऊन मोटारीकडे. तेल भज्यांचं कशाला, असं विचाराल. अहो, चांगलं तेल इंजिनाला घालण्याइतकी मी उधळी नव्हते!

किंचाळी थांबली. समोरच्या बाई गप्प झाल्या. आणि लाल दिवा लागला.

तो दिवा काकांच्या समोर, काट्यांच्या तबकडीत होता. गाडी सुरू झाली की तो विझायला हवा; म्हणजे डायनॅमो वीज करतो आहे, बॅटरीत भरतो आहे. तो विझेना. अमरावतीतल्या एका मिस्त्रीनं डायनॅमो खोलून पुसला. दिवा विझला, शनिवारी पुन्हा लागला. दुसऱ्यानं आतले कार्बन बदलले. विझला, शनिवारी लागला. तिसरा म्हणाला, "वकीलसाहेब, बल्बच काढून टाकतो ना. दिसनच नाही."

"साक्षीदाराला हाकलून गुन्हा मिटत नसतो," मामंजी म्हणाले.

शनीची पीडा म्हणून काकांनी मारुतीला दुप्पट तेल सुरू केलं. दिवा विझावा म्हणून ते तिकडे तेल ओतत आणि त्याच घटकेला मी इकडे. मारुतीची तरी काय बिशाद!

आणखी एक गंमत होती. माहेरी जायला मीही कधीमधी बरोबर असे, आणि बडनेरा मागे पडलं की मोटारीत सगळ्यांना भूक लागायची. पथ्याचे पक्के मामंजी, पण मूर्तिजापूरला गाडी थांबवून भजी मागवत. "हवापालट झाला की जठराग्नी पेटतो," म्हणत. वास मला येत नव्हता का? येत होता. मला वाटायचं, माझ्याच लुगड्याला येतोय, म्हणून मी अंग चोरून बसायची.

पाचव्या शनिवारी अकोल्याला निघालो. मामंजींची तारीख होती आणि मला माहेरी सोडायचं होतं. निघताना मामंजींनी काकांना वकिली आवाजात ऐकवलं, "दिवा शनिवारीच लागतो. शनिवारी सकाळी गाडीजवळ तुझ्याशिवाय कोणी नसतं. तुला या यंत्रातलं कळत नाही, किंवा तू काहीतरी करून राहिला. अकोल्यातही निकाल लागला नाही, तर एक तारखेपासून दुसरा डायव्हर."

काकांनी गाडी काढली. वाटेत चढ आला, पण "चाल माय" म्हणाले नाहीत. मला वाईट वाटलं, मात्र ते दिव्याचं; पळीचा नि दिव्याचा संबंध माझ्या हुशार डोक्यात शिरलाच नव्हता.

अकोल्यात मामंजींच्या ओळखीचा म्हातारा मिस्त्री होता. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं बॉनेट उघडलं, पान्याला हात लावला नाही, नुसतं नाक आत घातलं. मग मान वर करून विचारलं, "वकीलसाब, ये गाडीमें भजे कौन तलता?"

मामंजींना तो विनोद वाटला. मिस्त्रीनं पट्ट्यावरून बोट फिरवून त्यांच्या नाकापुढे धरलं. "पाहा. कांदाभजे. हा पट्टा डायनॅमो फिरवते. ढिला झाला होता म्हनून रडे. त्याले ताणाचं सोडून कोनं तं तेल पाजलं. आता हा नुसता घसरून राहिला. डायनॅमो फिरनच नाही, तं दिवा विझन काहून?"

मामंजी सावकाश काकांकडे वळले. काकांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात एकदाचा उजेड पडला.

सासऱ्यांसमोर, परक्या माणसादेखत सुनेनं तोंड उघडायचा तो काळ नव्हता. मी पदर पुढे ओढला आणि गाडीतूनच म्हणाले, "तेल मी घातलं."

मामंजींनी गाडीच्या काचेशी वाकून माझी उलटतपासणी घेतली.

"कोणतं?"

"शेंगदाण्याचं. तळून उरलेलं."

"किती?"

"पळीभर."

"केव्हापासून?"

"पाच शनिवार. आजचा धरून."

"कारण?"

"टिटवी म्हणत होत्या."

मिस्त्री बॉनेटमागे जाऊन हसला. त्यानं पेट्रोलच्या फडक्यानं पट्ट्याखालची चाकं पुसली, नवा पट्टा चढवला, डायनॅमो मागे ओढून तो ताणला. गाडी सुरू झाली. ना किंचाळी, ना दिवा. काका बराच वेळ त्या विझलेल्या दिव्याकडे बघत बसले.

मामंजींनी काकांची माफी मागितली नाही. तशी पद्धत नव्हती. त्यांनी समोरच्या टपरीवरून भजी मागवली आणि पहिला पुडा स्वतः नेऊन काकांच्या हातात ठेवला. ते कोर्टाच्या कामाला निघून गेल्यावर मी गाडीतून उतरले नि काकांना म्हटलं, "काका, चुकलं माझं. तुम्हाला एकदाही वास नाही आला?"

काकांनी एक भजं तोंडात टाकलं.

"आला ना, सूनबाई. पयल्याच शनिवारी आला. मले वाटलं, घरी भजे झाले अन् यायनं मलेच नाई देल्ले. पाच हप्ते मनातल्या मनात तुमच्यावर रागावून होतो."