बाबलपाशी आधी कोण पोचलं

वारा सुटला की बोटी बंद, आणि बोटी बंद की जेटीवर आमच्या टोळक्याचे किस्से सुरू. किल्ल्यावर पर्यटक नेणारे आम्ही लोक. कुणी मागितल्या नाहीत तरी आमच्याकडे गोष्टी साठत जातात. पण दिनू समोर असला की सगळ्यांना त्याचीच ऐकायची असते, आणि तो काही सांगत नाही. म्हणून मी सांगतो. सोबत मीच होतो.

दिनूचा धाकटा भाऊ बाबल जहाजावर कुक. तापाने फणफणला म्हणून त्याला ग्रीसच्या एका लहानशा बेटावर उतरवलं. तिथल्या दवाखान्यातून फोन आला: खात नाही, बोलत नाही, घरचं कुणीतरी लवकर या.

*

व्हिसा मिळेपर्यंत आम्ही दोघे हवालदिल. काकी, म्हणजे दिनूची आई, मात्र शांत. तिने गावच्या वेतोबाला हातभर लांब नव्या चपला वाहिल्या. आमचा वेतोबा गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, हे इथे शेंबडं पोरही सांगेल.

"तुमका पोचाक वेळ लागतलो," काकी म्हणाली. "तवसर बाबलाकडे कोणतरी आपलो होयो."

*

दिनूने समुद्राला द्यायला नारळ घेतला होता, तोही हातातल्या बॅगेत.

"हा विमानात चालत नाही," तपासणीवरचा जवान म्हणाला.

"फोडलेला चालेल?"

जवान विचारात पडला. तेवढ्यात दिनूने समुद्राला हात जोडून गाऱ्हाणं घातलं आणि नारळ तिथेच आपटला. जवानाने खोबऱ्याचा तुकडा कपाळाला लावून तोंडात टाकला आणि फरशी पुसायला माणूस बोलावला.

*

अथेन्सच्या बंदरात फेरी उभी होती, ट्रकच्या ट्रक पोटात घेणारी. खिडकीवरची बाई म्हणाली, "वारा आहे. आज बोट नाही."

हेच वाक्य दिनू पर्यटकांना ऐकवतो, वर हसतोही. त्या दिवशी तो बाकावर बसून रडला. बाबलची शुद्ध हरपत चालली असल्याचा निरोप नुकताच आला होता.

*

दुसऱ्या दिवशी बेटावर उतरलो. धक्क्यालगतच एक छोटं पांढरं चर्च. आत संताच्या तसबिरीपुढे बुटांचे जोड मांडलेले, सगळ्यांचे तळ झिजलेले.

"आमचा संत बेटावर फिरतो," धक्क्यावर आम्हाला भेटलेल्या टॅक्सीवाल्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं. "म्हणून आम्ही बूट देतो."

दिनूने स्वतःचे बूट उंबऱ्याबाहेर काढले, आत जाऊन हात जोडले. मग त्याच टॅक्सीने दवाखाना गाठला.

*

बाबल उशीला टेकून सूप पीत होता. दिनूला बघून म्हणाला, "इतको उशीर?"

दिनूने त्याला घट्ट मिठी मारली. नर्स मात्र वैतागलेली होती.

"तुमच्या त्या उंच नातेवाईकाला पाय पुसून यायला सांगा."

"कोण नातेवाईक? आम्ही आत्ताच येतोय."

"रोज तिन्हीसांजेला येऊन याच्या पायाशी बसतो तो. बोलत नाही काही."

तिने केरभरणी पुढे केली. सगळं बेट पांढऱ्या दगडाचं, आणि केरात आमच्या गावची तांबडी माती.

दिनूने तिथूनच काकीला फोन लावला.

"बाबल जेवलो?" तिने आधी विचारलं.

"जेवता." मग त्याने मातीचं सांगितलं.

"आसतली," काकी म्हणाली. "सकाळी देवळात गेल्लंय. चपलांचे तळ पार झिजलेत. नवो जोड सांगून इलंय."