सुशीलाची उपमा

सुशीलाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. तिचा नवरा सत्यवान रापणीवर जातो. किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे ते मोठे जाळे. उशिरा येणाऱ्यासाठी तिथे कोणी थांबत नाही. त्याला चहा-भाकरी देऊन ती चुलीवर पेज ठेवायची आणि कढ येईपर्यंत पुस्तक वाचायची. मग काजूच्या कारखान्यात.

त्या कारखान्यात मी बॉयलरवर होतो. बी नीट वाफवली नाही तर फोडताना गर तुटतो आणि शिव्या बॉयलरवाल्याला बसतात. म्हणून कोणाचा गर अख्खा निघतो यावर माझे लक्ष असे. सुशीलाचा निघायचा. टरफलाचा चीक भाजू नये म्हणून हाताला तेल चोळून बसायची ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठायची नाही. घाई नाही, चालढकलही नाही.

चाळिशीला आलेल्या या बाईने बाहेरून दहावीचा फॉर्म भरला. बाकी विषय सुटले, मराठी राहिले. अलंकारांच्या व्याख्या तिने पाठ केल्या होत्या; पेपर हातात आल्यावर त्या एकमेकींत मिसळल्या.

"रोज मराठी बोलतस, आणि मराठीतच नापास?" सत्यवान म्हणाला.

"मिया मालवणी बोलतंय. परीक्षा मराठीची आसा."

पण कारखान्यात तिने स्पष्ट सांगितले होते, "ह्या खेपेक नाय जमला तर पुस्तकां रद्दीत."

वाडीतल्या हायस्कूलच्या अक्षया मॅडम रविवारी दुपारी वाचनालयाच्या पडवीत अशा बायकांना शिकवायच्या. तोवर मी निवृत्त झालो होतो आणि तिथे पेपर वाचत बसायचो. मॅडम म्हणाल्या, "उपमा म्हणजे दोन वस्तूंमधलं साम्य दाखवणं."

"व्हय म्हाराजा!" बायका एका सुरात ओरडल्या आणि हसल्या.

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणे घालताना मानकरी एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेली माणसे असा होकार देतात. ती सवय. देवापुढे ती ठीक आहे. तिथे मागायचे असते, समजून घ्यायचे नसते. इथे प्रत्येक व्याख्येला होकार जात होता आणि पाटी कोरीच राहत होती. मॅडमनाही वाटले, चालले आहे बरे.

तिसऱ्या व्याख्येला सुशीला गप्प राहिली.

"गो सुशीला, जीभ खंय गेली?" शेजारच्या काशीबाईने कोपर मारले.

"माका कळाक नाय. कळला नाय तर व्हय कशाक म्हणू?"

मग एकेकीने कबूल केले. उपमाही कोणाला कळली नव्हती. मॅडमनी खडू खाली ठेवला. "पुस्तक मिटा. सुशीलाताई, दर्या कसा आहे सांगा."

सुशीलाने विचार केला. "सासूसारखो."

"का?"

"सकाळी गोड बोलता, दुपारी आंगावर येता."

"थांब, हौसाबाईक सांगतंय!" काशीबाई म्हणाली. हौसाबाई म्हणजे सुशीलाची सासू.

मॅडमनी हसू आवरून फोड करून दाखवली. ज्याच्याबद्दल बोलतो तो दर्या, ते उपमेय. जिच्याशी तुलना केली ती सासू, ते उपमान. स्वभाव बदलणे हा दोघांतला समान गुण, आणि 'सारखो' हा साम्य दाखवणारा शब्द. "आता 'सारखो' न वापरता सांगा. दोघं वेगळे नाहीतच, असं."

"दर्या म्हणजे माझी सासूच."

"हे रूपक."

सुशीला दोन्ही वाक्ये ओठांत पुटपुटत राहिली. मग म्हणाली, "आता कळला." त्या दुपारी मॅडम पुढे गेल्या नाहीत.

त्यानंतर तिने पद्धत बांधली. एक शब्द घ्यायचा, कारखान्यात बी फोडता फोडता त्याचे आपले उदाहरण शोधायचे, मॅडमनी नापास केले तर दुसरे. अनुप्रास लवकर जमला, यमकही. उत्प्रेक्षेने छळले, तरी ती समजेपर्यंत पुढचे पान उघडले नाही. अतिशयोक्तीला तिने सांगितले, सत्यवानाने धरलेला मासा होडीपेक्षा लांब होता. मॅडम खूश झाल्या. सुशीला समाधानी नव्हती. "ह्या चलाचा नाय. तेका ता खराच वाटता."

काशीबाईने एकदा उदाहरण उसने मागितले. "तुझा तू शोध गो," सुशीला म्हणाली. मला ते पटले. उसन्या उदाहरणाने शब्द समजत नाही.

परीक्षेत रूपक आले, त्याचे उदाहरणही मागितले होते. तिने दर्या आणि सासू लिहून दिले, प्रमाण मराठीत. निकालाच्या दिवशी सत्यवान रापणीवरून ओल्या कपड्यांनीच वाचनालयात आला आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, "मराठीत पास!" गुण काठावरचे नव्हते, फार मोठेही नव्हते. कष्टाएवढे होते.

पुढच्या आठवड्यात कारखान्यातून रजा घेऊन ती कणकवलीला गेली. काजू फोडून मिळालेल्या मजुरीतून तिने बाहेरून बारावीला बसण्याची फी भरली, आणि बाजारातून पुस्तके घेतली. मराठीचे पहिले.