गिअरला लावलेला खांदा

माझी आत्या शिडाची बोट चालवते. नवरा गेल्यावर त्याची जुनी बोट विकायचं सोडून ती स्वतः चालवायला शिकली. वारा असला की शीड पुरतं, पण धक्क्याला लागताना इंजिन लागतंच. त्याचा गिअर आणि वेग एकाच दांड्यावर. तो दांडा इतका जड झाला होता की आत्या त्याला चक्क खांदा लावायची.

"आई, दांड्याला काही झालेलं नाही, तुझे हात थकलेत," दादा, म्हणजे तिचा मुलगा, म्हणायचा. तिलाही ते पटलं होतं. नातीला कडेवर घेणं तिने सोडूनच दिलं होतं. शेवटी बोट विकायची ठरली, गिऱ्हाईकही मिळालं. विकण्याआधी एकदा सगळं तपासून घ्यावं म्हणून दादानेच मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्रीने दांड्याखालून इंजिनाकडे जाणाऱ्या दोन्ही केबली सोडवल्या आणि म्हणाला, "आता हलवा बघू." दांडा करंगळीने फिरला. आत्या बघतच राहिली.

मग त्याने केबलची आतली तार पकडीत धरून ओढली. ढिम्म हलेना. वेष्टण फाटून पाणी शिरलं होतं, तार आत गंजून बसली होती.

"बाई, रोज ह्याच्याशी कुस्ती खेळत होता? एकदा ओढून माझी पाठ धरली."

आत्याने दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहिले. "म्हणजे माझे हात..." दादाने मान वळवली.

नव्या केबली बसल्या. "दोर सोडू नका," मिस्त्री म्हणाला. "आधी बांधलेलीच चालवून अंदाज घ्या."

आत्याने इंजिन सुरू केलं आणि सवयीने दांड्याला खांदा लावला. दांडा सरळ शेवटपर्यंत गेला. इंजिन गरजलं, बोटीने उसळी घेतली, मागच्या दोराने धक्क्यावरची खुंटी मुळासकट उपटली आणि बोटीचं नाक धक्क्यावर आदळलं. बोटीत पुढे उभा असलेला दादा धप्पकन बसला. आत्याने दांडा मधे ओढला.

"आई, मारतेस का काय?" दादा पांढराफटक पडला होता.

"सवय रे," आत्या म्हणाली.

"केबल बदलता येते," मिस्त्री पुटपुटला. "सवय सोडवायला माझ्याकडे पाना नाही."

दादाने उपटलेल्या खुंटीकडे पाहिलं, मग आईच्या खांद्याकडे. खिशातून फोन काढून त्याने गिऱ्हाईकाला येऊ नका म्हणून सांगितलं.

"पुन्हा कर," तो उठत म्हणाला. "दोन बोटांनी. आणि थांब, मी आधी उतरतो."