हिमालयासाठी शिवलेला कोट

मास्तर शाळेत शिकवत नव्हते, शाळेचे गणवेश शिवत होते. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दुकान, दुकानामागे घर, आणि मधे नुसता एक पडदा. अलीकडे मास्तर मशीन चालवायचे, पलीकडे त्यांची बायको काजं करायची. गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणायची, आणि तीही त्या हाकेला तोऱ्यात ओ द्यायची.

लग्न झाल्यापासून तिला एकच हौस होती. हिमालयातल्या एखाद्या गावात जायचं, खिडकी उघडली की समोर बर्फाचा डोंगर. मास्तर दरवर्षी हो म्हणत. पण सुट्ट्या लागल्या की गणवेशांचा हंगाम सुरू, आणि हंगाम सरेपर्यंत सुट्ट्याही सरलेल्या. माणूस वाईट नव्हता हो, पण आलेलं काम परत पाठवायचं त्याच्या जिवावर यायचं. एकदा तर बॅग भरून झाली होती आणि ऐन वेळी एका शाळेनं खिशाचा रंग बदलला. बॅग पुन्हा उपसली. तिनं कपडे कपाटात ठेवले आणि ती काजं करायला बसली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना अजून वाटतं.

या वर्षी लेकीनं सूत्रं हातात घेतली. ती दुसऱ्या शहरात नोकरीला. तिनं परस्पर तिकिटं काढली, डोंगराच्या बाजूची खोली ठरवली आणि फोनवर बजावलं, "बाबा, या वेळी खोडा घातलात तर माझ्याशी गाठ आहे."

मास्तरांनी असं काही मनावर घेतलं की घरात दुसरा विषयच उरला नाही. लेक म्हणाली, "कोट तयारच घ्या," तर त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "शिंप्याची बायको दुकानातला कोट घालणार? मग मी कशाला बसलोय इथे?" जन्मभर उन्हाळी शर्ट शिवलेला हा गडी जाड लोकरीचं निळं कापड घेऊन आला. सुया मोडल्या, अस्तर दोनदा उलटं लागलं. आधी स्वतःचा कोट झाला. तो घालून मास्तर सरळ बर्फाच्या कारखान्यात गेले आणि लाद्यांच्या खोलीत जाऊन उभे राहिले. मालक जुनं गिऱ्हाईक, म्हणून त्यानं वेड्यात काढलं नाही. परत आले ते लालबुंद नाक घेऊन.

"कोट पास," त्यांनी पडद्यातून डोकं घालून जाहीर केलं. "कानांचं तेवढं बघावं लागेल."

मग तिचा कोट. त्यासाठी त्यांनी टेप हातातही घेतली नाही. बायकोचं माप आपल्याला तोंडपाठ आहे, ही मास्तरांची जुनी फुशारकी. लग्नानंतरचा पहिला ब्लाऊज शिवताना माप घेतलं असेल तेवढंच, पुढे सगळं अंदाजानं. आणि अंदाज कधी चुकला नव्हता.

"घालून तरी बघ."

"आत्ता नको हो, उकडतंय."

तिला हल्ली सारखंच उकडायचं. पंखा पूर्ण वेगात आणि ही पदरानं वारा घेतेय. "हिला डोंगरच मानवणार," असं म्हणून मास्तर हसायचे. काजंही वाकडी होऊ लागली होती. एका आईनं मुलाचा शर्ट परत आणून दिला, तेव्हा मास्तरांनी दोऱ्याच्या नावानं बोटं मोडली.

निघायला थोडेच दिवस राहिले. पलंगावर बॅगा उघड्या पडल्या होत्या. ती नको नको म्हणत असताना मास्तरांनी मागून येऊन कोट तिच्या अंगावर चढवलाच. खांदे घसरून दंडावर आले. बटणं लावली तरी आत आणखी एक माणूस मावलं असतं.

मास्तरांना आधी कटिंगच चुकलं असं वाटलं. मग त्यांनी गळ्यातली टेप काढून तिच्या कमरेभोवती धरली. टेपचं टोक कुठल्या कुठे गेलं. त्यांनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदाही तेवढंच भरलं. रोज समोर वावरणारं माणूस झिजत गेलं आणि दुसऱ्यांच्या पोरांची मापं घेणाऱ्या आपल्याला दिसलं नाही, हे त्यांना सहन होईना.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"बरेच दिवस झाले. छातीत धडधडतं. हात थरथरतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त तपासा."

"मग तपासलंस?"

"डोंगर बघून आले की तपासणार होते." ती खाली बघत म्हणाली. "आधी सांगितलं असतं तर तुम्ही जाणं रद्द केलं असतं. एवढ्या वर्षांनी ठरलंय हो."

मास्तर तिच्या पायाशीच बसले. "रद्द नाही गं. पुढे ढकलू."

"तुमचं पुढे मला माहीत आहे."

ते उठले, दुकानात गेले आणि शाळेच्या कापडाचे गठ्ठे रिक्षात घालून, होते तसे परत देऊन आले. ऐन हंगामात. गल्ली बघत राहिली. मग दुकानाला कुलूप लावून ते तिला दवाखान्यात घेऊन गेले.

रिपोर्ट येईपर्यंत मास्तरांच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गळ्यातली ग्रंथी जास्तीचं काम करतेय, औषधानं ताळ्यावर येईल, पण तोवर उंचावर जायचं नाही. लेकीनं तिकिटं पुढे नेली. मास्तरांनी कोट घेतला आणि दोन्ही बाजूंनी शिवणी आत घेतल्या. आतलं कापड मात्र कापलं नाही.

"कापून टाका की ते. जाड लागतंय बगलेत."

"राहू दे. लागेल."

गोळ्या, दूध, झोप. मास्तर रोज तिच्या ताटात लक्ष घालायचे, आणि ती वैतागायची. हळूहळू काजं सरळ झाली. पंख्याचा वेग उतरला. पानं गळायला लागली तशी डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली.

निघायच्या दिवशी बॅगा दाराशी आल्या, बाहेर रिक्षा उभी राहिली आणि पडद्यापलीकडून तिची तक्रार ऐकू आली.

"अहो, काय शिवलंय हे! बटण लागत नाही. चांगलं आवळतंय."

मास्तर आत धावले. कोट तिच्या पोटावर ताणला होता, आणि ती कपाळाला आठ्या घालून, भरल्या गालांनी समोर उभी होती. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून मास्तरांना पहिल्यांदाच रडू आलं.

"आता हो काय झालं?" ती घाबरली. "पुन्हा राहिलं का जायचं?"

"छे गं! रिक्षावाल्याला सांग, जरा थांब म्हणावं." त्यांनी बाहीनं डोळे पुसले, कोट मांडीवर घेतला आणि बॅगेवरच बसून शिवण उसवायला लागले.